पारखीबाबांच्या हाताचा वारस

आमचे खामगावचे घरमालक उजव्या हाताने दाराची कडी काढत नसत, मिरचीला शिवत नसत आणि कोणाच्या पाठीवर थापही मारत नसत. रामराम घालायचे तोही डाव्या हाताने. नवा माणूस त्यावर रागावला, तर त्याची समजूतही डाव्याच हाताने काढायचे. उजवा हात दोनच गोष्टींना लागायचा, जेवणाला आणि कापसाला. त्यातही वरण फार गरम असलं तर ते कापसाची आठवण ठेवून थांबायचे. बाजारात जाताना त्या हातावर मांजरपाटाची पांढरी थैली चढायची. तिला मनगटाशी नाडी होती आणि ती नाडी त्यांच्या बायकोला बांधावी लागे.

"बाळंतिणीलेबी कोनी एवढं जपत नाही," असं त्या नाडी बांधताना रोज म्हणत आणि गाठ मात्र व्यवस्थित मारत.

तीस वर्षं ते एका जिनात कापसाचे पारखी होते. सरकी काढायच्या त्या कारखान्याला खामगावात सगळे जीनच म्हणत. शेतकऱ्याची गाडी आली की हे तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर कापूस काढायचे, दोन अंगठ्यांत धरून ताणायचे आणि आकाशाकडे पाहत सांगायचे: हा कोरडा, हा ओला, ह्यात दोन रानांचा माल मिसळला. एकदा म्हणे त्यांनी नुसत्या हाताने ओळखलं होतं की, हा कापूस विहिरीजवळच्या सरींतला आहे. खरंखोटं देव जाणे. पण सांगणारे शपथेवर सांगत, आणि खामगावात तेव्हा शपथ घ्यायला माणसं जरा हात आखडता घेत. सगळं गाव त्यांना पारखीबाबा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणायचो.

माझे वडील तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला पुण्याहून आले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, वरच्या साहेबांचे हुकूम नागपुराहून यायचे आणि वडिलांना ते उगीचच पुण्याहून आले असते तर बरं, असं वाटायचं. आम्ही चौघं: आई, वडील, मी नऊ वर्षांची आणि दिनू सहा वर्षांचा. पारखीबाबांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या तीन त्यांच्या आणि मधलं अंगण भांडणासाठी.

भांडण आईचं आणि त्यांचं. आई स्वच्छतेची मोठी भोक्त्री. तिच्या मते मुलाच्या हाताला दिवसातून सहा वेळा पाणी लागलं पाहिजे. पारखीबाबांच्या मते मुलाच्या हाताला दिवसातून सहा वेळा माती लागली पाहिजे. एका अंगणात ही दोन मतं राहणार कशी?

दर रविवारी सकाळी ते ओसरीवर बारा गाडगी मांडायचे. एकात ज्वारी, एकात तुरीची डाळ, एकात सरकी, एकात नदीची वाळू, एकात लाकडाचा भुसा, एकात कोमट पाण्यात कालवलेला चिखल, असं काय काय. तोंडाला फडकी बांधलेली, फडक्याला हात जाईल एवढं भोक. गल्लीतली आठ-दहा पोरं गोळा व्हायची. डोळे मिटून हात घालायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. नुसतं "डाळ" म्हणून भागत नसे. कोणती डाळ, यंदाची का जुनी, भरडताना पाणी लावलं होतं का, हे सगळं विचारायचे.

"पोट्टेहो, तुमच्या शाळेत डोळे जाते, कान जाते. हात काऊन जात नाही बे? हात काय फक्त छडी खायले देला देवानं?"

माझे वडील त्याच शाळेत छडी देणारे. ते आत वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

गाडग्यांनंतर पायांची पाळी. अंगणात ओळीने सुपं आणि घमेली मांडलेली असायची, कशात कोंडा, कशात सरकी, कशात ओली वाळू, शेवटी शेणाचा काला. डोळे बांधून अनवाणी त्या सगळ्यांतून चालत जायचं. आई नेमकी त्याच वेळी वाळत घातलेली धुणी काढायला यायची, आणि शेणाच्या घमेल्यातून बाहेर पडलेला दिनू, डोळे बांधलेलेच, हाताला लागेल तो आधार धरायचा. तो आधार बहुतेक वेळा आईचं पातळ असे.

"अहो पारखीबाबा, मुलांना शहाणं करायचंय की म्हशी करायचंय?"

"बाई, म्हशीले काय कमी समजते? अंधारात गोठा वळखते ते."

आईचं ह्यावरचं उत्तर म्हणजे दिनूला विहिरीवर नेऊन घासायचं, तेही पारखीबाबांना ऐकू जाईल असं.

वासाचा खेळ मात्र एकदाच झाला, कारण त्या दिवसापासून आमच्या घरात पंधरा दिवस अबोला होता. पारखीबाबांनी आमचे डोळे बांधले आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. हिंग ओळखला, रॉकेल ओळखलं, मेथी ओळखली. मग त्यांनी दिनूच्या नाकाखाली काहीतरी धरलं, आणि तो आनंदाने ओरडला, "बाबा! आमचे बाबा!"

ती विडी होती.

वडील आपल्या समजुतीप्रमाणे विडी कोणाला कळू न देता ओढत. आई तुळशीला पाणी घालत होती. तिने तांब्या खाली ठेवला, दिनूजवळ आली आणि शांतपणे विचारलं, "आणखी कशाला येतो रे हा वास?"

"त्यांच्या कोटाला. आणि त्यांच्या संध्येच्या पळीपंचपात्रालासुद्धा," दिनू म्हणाला. त्याचे डोळे अजून बांधलेलेच होते, नाहीतर आईचा चेहरा पाहून तो तिथेच थांबला असता.

पारखीबाबांनी दिनूच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "पोट्ट्याचं नाक चांगलं हाय. पण मले नाक नाही पाह्यजे, मले हात पाह्यजे."

हे ते नेहमी म्हणायचे, आणि ह्यातच सगळी मेख होती. आम्हाला वाटे म्हातारा हौसेने खेळवतो. तो खेळ नव्हता. ते आमच्यात वारस शोधत होते. त्यांना एक मुलगा होता, अमरावतीला वकील. त्याच्या हाताबद्दल ते फार दुःखाने बोलत. "त्याच्या हातात काहीबी द्या, त्याले ते कागदच वाटते," म्हणायचे. तेव्हा तीस वर्षांची ही विद्या कोणाच्या बोटांत उतरवायची, ह्या घोरात ते बारा गाडगी मांडून बसत. आणि आम्ही एकजात नापास होत होतो. समोरच्या घरातली चंद्री गाडग्यात हात घालून जे लागेल ते आधी तोंडात टाकायची. त्यामुळे तिचं उत्तर बरोबर यायचं, पण पद्धत चुकायची. मी गाडग्यांच्या जागा पाठ करून ठेवायचे. त्यांनी जागा बदलल्या आणि मी वाळूला बेधडक "यंदाची तूर" म्हटलं. दिनूने एकदा चिखलाच्या गाडग्यात हात घालून "आंबा" म्हणून सांगितलं, आणि आंब्याने त्याच्या मनगटावरून बाहेर उडी मारली. तो चांगला मोठा बेडूक होता.

"थो आंबाबी वारस व्हायले तयार नाही," पारखीबाबांची बायको आतून म्हणाली.

ह्या काकूंनीच माझ्या आईला एक दिवस खरं काय ते सांगितलं. दळण दळता दळता, आवाजात आवाज मिसळून. मी जात्याजवळ भिंतीला टेकून बसले होते.

"बाई, ह्यायचा हात मेला हाय. दोन वर्सं झाले. मागच्या हिवाळ्यात चुलीवरचा तवा धरला अन् धरूनच राह्यले. कातडं जळालं, पण ह्यायले वासावरून समजलं. बोटं हलते, पण बोटाले काही लागत नाही."

"मग जिनातून बोलावणं येतं तेव्हा काय करतात?" आईने विचारलं.

काकूंनी जातं थांबवलं. जिनाच्या शेठजींचा पारखीबाबांवर अजून विश्वास होता. नोकरी सुटली तरी एखाद्या गाडीबद्दल वाद झाला की ते त्यांना बोलावत. तो निरोप आला की पारखीबाबा पागोटं चढवून रस्त्याच्या मधोमध चालत जायचे. तेवढ्यासाठीच ते जगतात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"तथी जाते, कापूस पाह्यते, शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाह्यते, अन् सांगते. आजवर निभलं. यंदा शेठनं मुंबईहून नवा मानूस आनला, चष्मेवाला. आता एक डाव चुकलं का संपलं. म्हनून तर हा पोट्ट्यायचा बाजार."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पारखीबाबा गाडग्यात हात घालायचे ते नेहमी आमच्यानंतर. आम्ही सांगायचो, मग ते हात घालून मान डोलवायचे. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी चार रविवार जीव तोडून डोळे मिटले, जागा पाठ केल्या नाहीत आणि तरीही बाजरीला राळे म्हणाले.

आईला हे कळल्यावर तिचा राग कमी होईल असं मला वाटलं होतं. झाला, पण चारच आठवडे. दिवाळी नुकतीच संपली होती, आणि त्या रविवारी पारखीबाबांनी आमच्या दिनूला फितवून आमच्याच घरातल्या डब्यांतली डाळ, तांदूळ आणि कणीक आणवली आणि आपल्या डाळ-तांदळाशेजारी गाडग्यांत भरली. आई बाहेर आली ती रिकामे डबे हातात घेऊनच.

"माझं धान्य परत द्या," ती म्हणाली.

"देतो ना बाई. पण कोनतं तुमचं अन् कोनतं माहं, हे आता पाहावं लागीन."

"पाहायचं काय त्यात?" असं म्हणून आई ओसरीवर चढली. रागाने तिची नजर सगळा वेळ पारखीबाबांच्या तोंडावर होती, गाडग्याकडे तिने पाहिलंच नाही. एकेका फडक्यातून हात घालून ती सांगत गेली. "ही तुमची तूर, जुनी आहे, तेल लावून ठेवलेली. ही माझी. हे तांदूळ तुमचे, ह्यांत कणी फार. ही माझी कणीक, आणि ही तुमची, जात्याचा खुंटा सैल झालाय तुमच्या, भरड पडतेय. आणि ह्या गाडग्यात मीठ होतं का पूर्वी? तळाशी ओल सुटलीय." शेवटचं गाडगं उचलून ती घरात गेली, आणि गेली तीही डबे न घेता, त्यामुळे दिनूला ते मागून पोहोचवावे लागले.

पारखीबाबांनी आम्हाला सगळ्यांना घरी पाठवलं. रविवार असून.

दुसऱ्या दिवशी काकू एक पितळी डबा घेऊन आमच्याकडे आल्या. आत कापूस, सरकीसकट. "बाई, देवाले वाती पाह्यजे. तुमचा हात हलका हाय म्हनते हे. वळून देता का?"

वाती वळायला आई कधी नाही म्हणायची नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती स्तोत्र म्हणत सरकी काढायची, कापूस पिंजायची आणि मांडीवर वात वळायची. तिला काम करताना बोलायची सवय होती. "हा कापूस दमट आहे बाई, सरकी सुटत नाही." किंवा, "आज चांगला आहे, एकाच झाडाचा असल्यासारखा." किंवा, "ह्यात कोणीतरी दोन कापूस एकत्र केलेत, अर्धी वात मऊ, अर्धी राठ." मी शेजारी बसून अभ्यास करत असायचे. दाराबाहेर ओसरीवर पारखीबाबा माळ घेऊन बसलेले असायचे आणि माळेचा मणी काही पुढे सरकायचा नाही.

सकाळी ते पागोटं चढवून जिनात जायचे आणि सांगायचे: "रात्री देवापुढं बसून पाह्यला. माल दमट हाय." जिनाला त्याचं काय कौतुक! पूर्वी पारखीबाबा उभ्या उभ्या सांगायचे, आता देवापुढे बसून सांगतात, म्हणजे विद्या आणखी वर चढली, असा सगळ्यांचा समज झाला. जिनातून त्यांच्याकडे येणारे नमुन्याचे डबे वाढले. वाती किती झाल्या म्हणून सांगू? आमच्या देवांना पुरून उरल्या, त्यांच्या देवांना पुरून उरल्या, गल्लीतल्या प्रत्येक घराला गेल्या, मारुतीच्या देवळाच्या पुजाऱ्याने हात जोडून "आता पुरे" म्हटलं. शेवटी काकू गाडीने शेगावला दर्शनाला गेल्या तेव्हा गाठोडंभर तिकडे देऊन आल्या.

"एवढ्या वाती कायले हो?" काकूंनी एकदा आईसमोरच त्यांना विचारलं. "देव जळून राह्यले का तुमचे?"

आईला काही कळलं नाही. तिला वाटलं, म्हातारा धर्माला लागला, मुलांचा नाद सुटला, बरं झालं. तिने त्यांना एकदा तिळाचे लाडूसुद्धा पाठवले. मला आणि दिनूला सगळं कळत होतं, आणि पारखीबाबांनी आम्हाला गप्प राहायची शपथ घातली होती. ती दिनूने पाळली ह्याचं मला अजून नवल वाटतं.

पौषातली एक सकाळ. चांगली कडाक्याची थंडी. आई चुलीवर भाताचं आधण ठेवत होती. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला, मागोमाग माणसांचा. बाहेर पाहिलं तर शेठजी, त्यांच्यामागे तो मुंबईचा चष्मेवाला, दोन हमाल आणि सगळ्यांच्या मागे चिखलीकडचा एक म्हातारा शेतकरी. त्याचं पागोटं सुटून खांद्यावर आलं होतं आणि ते बांधायचंही त्याला भान नव्हतं.

म्हाताऱ्याच्या दोन गाड्या कापूस होता, वर्षाचा सगळा. चष्मेवाल्याने हात घालून सांगितलं होतं की पाणी मारलेला आहे, घेऊ नका. ओला माल आणला म्हणून एकदा नाव गेलं की दुसरं जीनही दारात उभं करत नसे. म्हाताऱ्याने पारखीबाबांचं नाव घेतलं. त्यावर चष्मेवाला म्हणाला होता, "देवापुढे बसून नको. माझ्यासमोर पाहू द्या."

हमालांनी ओसरीवर दोन टोपल्या ठेवल्या. एक म्हाताऱ्याच्या गाडीतली, एक जिनातल्या कोरड्या ढिगातली. कोणती कोणाची ते फक्त चष्मेवाल्याला ठाऊक; ओली कोणती ते पारखीबाबांनी सांगायचं.

"बाबा," शेठजी अदबीने म्हणाले, "तुमी एक डाव हात लावा. तुमी म्हनान तसं."

पारखीबाबा बाजाराला निघालेलेच होते, ते बसले. त्यांनी थैलीची नाडी दातांनी सोडली, पहिल्या टोपलीत हात घातला, मग दुसऱ्या. दोन टोपल्या, काहीतरी एक सांगितलं असतं तर निम्मी तरी आशा होती. आजवर ते माणसाच्या तोंडाकडे पाहून सांगत आले होते, आणि म्हाताऱ्याचं तोंड समोरच होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, रात्रीपर्यंत थांबा, वाती वळू द्या. पारखीबाबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो रडत होता. मग त्यांनी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"शेठ, माहा हात मेला हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले. चूक असीन तर माही, पण आज ह्या मानसाच्या मालावर मी अंदाज मारनार नाही."

चष्मेवाल्याने मान खाली घातली, त्यालाही हे नको होतं.

"मंग दिवाळीपासून जे सांगितलं ते?" शेठजींनी विचारलं. "सगळं बरोबर निंगालं ना."

"थे मी नाही सांगितलं," पारखीबाबा म्हणाले, आणि आमच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "मास्तरीणबाई, जरा बाहीर या."

आई पदर सावरत दाराशी आली. तांदळाचे हात. तिला सगळं सांगितल्यावर तिने वळून आतल्या देवांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या वाती?"

"हाव."

"दोन महिने मी वाती वळतेय त्या देवासाठी नाहीत?"

"देवासाठीबी हाय ना, बाई. देवाले पोचल्याच ना त्या. अधेमधे जिनाचं काम झालं, एवढंच."

आई अशी भडकली की मला वाटलं आता टोपल्या अंगणात जाणार. "मला न विचारता? माझ्या तोंडचं ऐकून? आणि हे मला आज सांगता, चार माणसं दारात उभी असताना?" वडील मागे येऊन उभे राहिले होते. ते "अगं" एवढंच म्हणाले, आणि आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना बहुतेक विडीची आठवण झाली.

तेवढ्यात तो म्हातारा पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "माय, तू कोन हायस मले मालूम नाही. पण पाह्य एक डाव. मी पानी नाही मारलं."

आईने हात पुसले. ओसरीवर बसली. पहिल्या टोपलीतून मूठभर कापूस घेतला, बोटांत चुरला आणि गालाला लावला. मग दुसऱ्यातला घेऊन दुसऱ्या गालाला. दिनूचे कपडे वाळले का ते ती थंडीत असंच पाहायची, हे मला एकदम आठवलं.

"दोन्ही कोरडे आहेत," ती म्हणाली.

"बाई, हा हाताला ओला लागतो," चष्मेवाला पहिल्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाला. आवाज सभ्य होता.

"लागतो, पण नाही. तो गार आहे. थंडीत पहाटे दोरीवरचे कपडे काढून पाहा, वाळलेलेसुद्धा ओलेच लागतात. गार आणि ओलं हाताला सारखं लागतं, गालाला लागत नाही. हा कापूस रात्रभर थंडीत फिरला असेल."

"रातभर!" म्हातारा ओरडला. "घाट उतरून आलो ना माय. माह्या हातापायालेबी समजत नव्हतं का हाय का गेले."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," आई चष्मेवाल्याला म्हणाली. "दोन्ही कापूस वेगवेगळ्या पातेल्यांत घालून झाकण ठेवून चुलीशी ठेवते. ओल असेल तर झाकणाला पाणी धरेल. माझा भात होईपर्यंत थांबा."

आणि खामगावातला एक मोठा शेठ, मुंबईचा पारखी, दोन हमाल आणि चिखलीकडचा म्हातारा, सगळे आमचा भात होईपर्यंत ओसरीवर बसून राहिले. वडिलांनी सगळ्यांना पाणी दिलं. शेठजींनी मला इयत्ता विचारली, मी चुकून घराचा नंबर सांगितला. पारखीबाबा भिंतीला टेकून बसले होते आणि आत भात उकळल्याचा आवाज कान देऊन ऐकत होते.

आईने दोन्ही पातेली बाहेर आणली. चष्मेवाल्याने एक झाकण उचललं, आतून बोट फिरवलं. मग दुसरं. दोन्ही झाकणं खडखडीत कोरडी. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "चूक माझी. माल चांगला आहे." हे त्याने फार चांगलं केलं, आणि मला तो माणूस तेव्हापासून आवडू लागला.

म्हातारा आईच्या पाया पडायला निघाला, आई आत पळाली. शेठजी हसत सुटले. त्यांनी पारखीबाबांना म्हटलं की, ह्यापुढे वादाचा माल उघडपणे बाईंकडे येईल, बाईंची हरकत नसेल तर. आतून आईचा आवाज आला: "येऊ दे. पण पाय धुऊन यायचं."

त्यानंतर आम्ही खामगावात आणखी दोन वर्षं होतो. त्या दोन वर्षांत आईला बाजारात कोणी मास्तरीणबाई म्हटलेलं मी ऐकलं नाही. पारखीणबाई म्हणत. वडील हे पुण्याच्या पत्रात लिहायचे, आणि त्यांना ते फार आवडायचं, हे त्यांच्या अक्षरावरून कळायचं.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या रविवारचं. आता वारस सापडला होता, म्हणून गाडगी मांडलेली नसतील, असं धरून मी आणि दिनू ओसरीवर गेलोच नव्हतो. तर मागून हाक आली. "पोट्टेहो, या ना बे!"

बाहेर आलो तर एकच मोठं घमेलं मांडलं होतं, काठोकाठ चिखलाने भरलेलं. पारखीबाबा त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. उजवासुद्धा.

आम्ही हात घातले. मी सवयीने डोळे मिटले आणि सांगू लागले, "काळी माती, विहिरीचं पाणी, थोडा कोंडा..."

"थे नको सांगू," ते म्हणाले. "थे मले मालूम हाय, मीच कालवलं. कसं लागते, थे सांग."

आजवर त्यांनी असं कधी विचारलंच नव्हतं. दिनूच बोलला. "गार लागतं. आणि मूठ केली की बोटांच्या मधून पळून जातं."

"अजून?"

"आणि गुदगुल्या होतात. नखांच्या आत शिरतं."

"अजून सांग," पारखीबाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. दिनू सांगत होता ते ते करून पाहत होते, मूठ वळत होते, सोडत होते. आई धुणं घेऊन अंगणात आली, आमच्याकडे बघत थांबली आणि दोरीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन कपडे वाळत घालू लागली.